छत्रीवाल्याचे खांब, तुझी वाळू

वासंती, तुझ्या सीटवर आता माझी पर्स बसते. ती इतकी जड आहे की गाडीला वाटतं कुणी माणूसच बसलंय, आणि बेल्ट लावा म्हणून गाडी पीं पीं करत राहते. पहिल्या दिवशी मी पर्स उचलून मागे टाकली. दुसऱ्या दिवसापासून पर्सलाच बेल्ट लावते. मग दुबई येईपर्यंत गाडीही गप्प असते आणि मीही गप्प असते. यातलं दुसरं तुला खरं वाटणार नाही.

आपल्या ग्रुपच्या अंकासाठी तुझ्यावर लिही म्हणून सगळे मागे लागलेत. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव मनमिळाऊ. तू मनमिळाऊ नव्हतीस. तू हट्टी होतीस, चहा गार करून प्यायचीस, आणि वाद घालताना समोरच्याचं बोलणं अगदी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचीस. त्याचाच मला राग यायचा, कारण मग मला ते शेवटपर्यंत न्यावं लागायचं. बाकीची माहिती तुझ्या नवऱ्याकडे, माधवरावांकडे आहे, अंकवाल्यांनी ती तिथून घ्यावी. मी आपल्या भांडणाबद्दल लिहिणार आहे, कारण ते अर्धं टाकून तू गेलीस आणि मला अर्धवट कामं आवडत नाहीत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागून सांगते, तुला कंटाळा येईल. आपण शारजात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो आणि दुबईत एकाच टॉवरमध्ये नोकरीला होतो. मी प्लॅनिंगमध्ये, म्हणजे बांधकाम कधी संपणार ते आधी सांगायचं आणि का संपलं नाही ते नंतर सांगायचं. तू वरच्या मजल्यावर आर्किटेक्टच्या ऑफिसात, अजून पायासुद्धा न खणलेल्या इमारती बांधून झाल्यावर कशा दिसतील त्याची चित्रं कॉम्प्युटरवर करायचीस. लायसन्स काही तुला मिळालं नाही. टेस्टला बसलीस की सिग्नल सोडून शेजारच्या इमारतीचे सज्जे बघत बसायचीस. शेवटी शिकवणाऱ्या बाईनंच "हबीबी, खलास" म्हणून हात टेकले. तेव्हापासून मी चालवायची आणि तू बघायचं, अशी आपली वाटणी झाली. रस्ता तुंबलेला असायचा, वादाला वेळच वेळ असायचा. आणि वाद रंगात आला की नेमकं आपलं वळण यायचं. "बाकीचं उद्या," म्हणून तू डबा उचलून उतरायचीस.

त्या चित्राशी गाठ पडली ती गाडीचा एसी बंद पडला म्हणून. ऑगस्टची दुपार, इंजिन तापलेलं, बंद गाडी ओढून नेणारी रिकव्हरीची गाडी यायला वेळ लागणार होता. रस्त्यापलीकडे म्युझियम दिसलं आणि आपण आत घुसलो. कलेसाठी नाही, गारव्यासाठी. वरच्या मजल्यावर युरोपातून इकडे हिंडायला आलेल्या जुन्या चित्रकारांची चित्रं होती. बाजार, उंट, घोडे, कमानी. मी बाकावर बसून पदरानं, म्हणजे ओढणीनं, वारा घेत होते आणि तू भिंतीच्या टोकाला जाऊन जी उभी राहिलीस ती हलेनास.

लेबनॉनमधलं बालबेक होतं ते. पडून गेलेल्या प्रचंड देवळाचे उरलेले खांब, त्यांच्यावर संध्याकाळचं पिवळं ऊन, खाली कोसळलेले दगड. आणि खांबांच्या पायाशी, वाकून बघावी लागतील एवढाली माणसं. एक दगडाला टेकलेला, दोघं बसलेले, एकाच्या हातात उंटाची दोरी, एक बाई आपल्याकडे पाठ करून उभी. पाटीवर लिहिलं होतं की चित्रकार घोड्यावरून या मुलखात फिरला, जागेवर स्केचेस केली आणि मोठं चित्र पुढे घरी जाऊन रंगवलं. नाव लांबलचक होतं, ते आपल्या दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. पण चित्राच्या कोपऱ्यात वाळूत रोवलेली एक छत्री तुला दिसली, तिच्याखाली घडीचं रिकामं स्टूल. तू म्हणालीस, हा बघ, स्वतःची जागा काढून ठेवलीय पठ्ठ्यानं. झालं, त्या दिवसापासून तो आपला छत्रीवाला. खाली रिकव्हरीचा पठाण फोनवर फोन करत होता आणि तू बोटांनी हवेत खांबांची उंची मोजत होतीस.

परत येताना मी माझं मत दिलं. मी ते न विचारता देते, हे तुला माहीत होतं. मी म्हटलं, छान आहे, पण माणूस लबाड आहे. इतक्या लांबून येतो, त्या लोकांच्या उंटावर बसतो, त्यांचं पाणी पितो, त्यांच्या ओसरीवर झोपतो, आणि चित्रात त्यांना नाक-डोळेसुद्धा देत नाही. देवळाच्या एकेका दगडावर भेग न् भेग काढलीय आणि माणसं मात्र मोजपट्टीसारखी लावून ठेवलीत. शिवाय सगळे नुसते बसलेले. कुणी काही काम करत नाही. संध्याकाळी बायकांना कामं नसतात कुठं?

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "चेहरा काढायचाच नसतो तिथं, उज्जू. माणूस ठेवला की खांब केवढा ते कळतं. मी पण तेच करते."

हे मात्र खरं होतं. तुझ्या चित्रांतल्या टॉवरच्या पायथ्याशीही माणसं असायची. सोनेरी केसांची बाई, तिच्या हातात खरेदीच्या पिशव्या. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला अरब. फुगा घेतलेलं पोर. तू म्हणायचीस, माझं आणि छत्रीवाल्याचं काम एकच आहे. तो पडून गेलेलं काढतो, मी अजून उभं न राहिलेलं काढते, आणि दोघांच्याही चित्रात कुणाला घाम येत नाही. मग मी तुला विचारलं की तुझ्या चित्रात आपण का नसतो. कढीपत्त्याची जुडी घेऊन लिफ्टसाठी थांबलेली बाई का नसते, डबा घेऊन बसमागे धावणारा मल्याळी का नसतो, या शहरातली निम्मी माणसं गेली कुठं. आपलं वळण आलं आणि तू "बाकीचं उद्या"सुद्धा न म्हणता उतरलीस. मला वाटलं मी जिंकले. मला नेहमी तसंच वाटायचं.

पुढं काही महिन्यांनी त्याच रस्त्यावर, एका नव्या मॉलच्या जागेभोवती पत्रे लागले आणि पत्र्यांवर मॉलचं भलंमोठं चित्र. गाडी तिथंच तुंबली. तुझ्या ओठांचे कोपरे हलत होते. मी नीट बघितलं. सोनेरी केसवाल्या बाईच्या मागं, कारंज्याच्या बाजूला, निळी ओढणी, खांद्याला माझी तीच अवजड पर्स, हातात डब्याची पिशवी, एक पाय किंचित बाहेर टाकून उभी असलेली मी. पाठमोरी. क्लायंटनं पास केलं होतं, तुझ्या साहेबानं पास केलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि मी ब्रेकवर पाय ठेवून स्वतःकडे बघत होते. आयुष्यात माझं एवढं मोठं कौतुक कुणी केलेलं नाही. मी मात्र काय म्हणाले? म्हटलं, पण चेहरा कुठाय? तू म्हणालीस, चेहरा दाखवला असता तर उद्यापासून ऑफिसला यायची बंद झाली असतीस, सह्या देत बसली असतीस. त्या दिवशी आपण इतकं हसलो की वळण चुकलं.

आता गणपतीचं. आपल्या पाच-सहा घरांचा गणपती अजमानला पाटीलकाकूंच्या व्हिलात बसतो, आणि त्यामागचा पडदा दर वर्षी तू रंगवायचीस. माधवराव अबुधाबीजवळ मुसफ्फाला नोकरीला, आठवडाभर तिकडेच. त्यांच्या वर्कशॉपमध्ये पडद्याची फ्रेम वेल्ड व्हायची आणि गुरुवारी-शुक्रवारी कंपनीच्या पिकअपमधून यायची. गेल्या वर्षी तू सांगलीचा घाट केला होतास. आठवणीतून केलेला, म्हणून मी तुला छत्रीवाली म्हटलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर तू बारकी बारकी माणसं काढलीस आणि त्यातल्या एका पाठमोऱ्या बाईकडे बोट दाखवून पाटीलकाकू सगळ्यांना सांगत सुटल्या की ही माझी आई, अशीच कमरेवर हात ठेवून चढायची. काकूंची आई आयुष्यात कधी सांगलीला गेली नव्हती. तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. मी म्हटलं, कुणालाही कुणीही वाटेल, त्याला चित्र म्हणत नाहीत.

या वर्षी तू जाहीर केलंस की पडद्यावर छत्रीवाल्याचं बालबेक येणार. काकूंचा चेहरा मी अजून विसरले नाही. भंगलेली मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवत नाही, आणि हिनं तर आख्खं देऊळच भंगलेलं काढायला घेतलंय, असं त्या घरोघर फोन करून सांगत होत्या. तू सरळ काम सुरू केलंस. हॉलमधला सोफा उभा करून कापड भिंतीला लावलंस. रोज गाडीत मला रिपोर्ट मिळायचा. आज दोन खांब झाले. आज आकाश. आज पडलेले दगड.

शेवटच्या गुरुवारी घरी येताना मी विचारलं की माणसं कधी काढणार. मला मुद्दाम विचारायचं होतं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "माणसं मी काढणारच नाहीये."

मी म्हटलं, का गं? माझं पटलं वाटतं शेवटी? तू हसलीस. बिल्डिंग आली. "बाकीचं उद्या," म्हणालीस, आणि मग आठवून म्हणालीस की उद्या मी सुट्टी घेतलीय, सोमवारी सांगते.

शनिवारी सकाळी इराचा फोन आला. "उज्जूमावशी, आई इज नॉट वेकिंग अप." बारावीतली पोर, इतक्या शांतपणे बोलली की मला आधी कळलंच नाही. मी चप्पल न घालता वर धावले. त्यापुढचं मी लिहिणार नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. जुलै महिना होता. तुझ्या हॉलमध्ये भिंतीवर बालबेक उभं होतं, खांब, आकाश, दगड, सगळं पुरं, आणि खालचा अर्धा भाग नुसती कोरी वाळू.

महिन्याभरानं गणपतीची बोलणी सुरू झाली तेव्हा कुणीतरी हळूच म्हणालं की यंदा छापील फ्लेक्स लावू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. तू केलेलं शेवटचं काम गुंडाळून माळ्यावर जाणार, पुढच्या उन्हाळ्यात त्याला वास येणार, मग कुणी भारतात परत जाताना ते टाकून देणार, हे मला लख्ख दिसत होतं. इथं वस्तूंचं असंच होतं. मी सरळ अजमानला गेले. काकूंनी आधी भंगलेल्याचं काढलं. मग, ती बिचारी अशी गेली, तिचं अर्धवट राहिलेलं सणाला कशाला, हे काढलं. मी तुझ्यासारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पहिल्यांदाच.

मग म्हटलं, "काकू, ज्याला आपण दीड दिवसानं स्वतःच्या हातानं पाण्यात विरघळवतो, त्याला पडक्या खांबांची कसली भीती?"

काकू बराच वेळ चहा गाळत राहिल्या. एवढा चहा नव्हता. शेवटी म्हणाल्या, "लावा. पण खाली माणसं तरी काढा गं. इतकं ओसाड नको बाप्पाच्या मागं."

ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मूळ चित्रावर सगळ्यात जास्त बोललेली मीच. मी म्युझियममध्ये जाऊन त्या चित्राचा फोटो काढून आणला. तुझे ब्रश घेतले. मला चित्रकला येत नाही हा मुद्दा माझ्या मनात आला नाही. मी ठरवलं होतं की छत्रीवाल्याची सगळी माणसं काढायची, आणि एकेकाला नाक, डोळे, मिशा, सगळं द्यायचं. उंटवाल्याला तर मी घाम पण देणार होते. तुझ्यावर मात करायची याहून चांगली संधी मला मिळाली नसती, आणि तुला तिथं बसून "बाई गं" म्हणावं लागलं असतं.

माधवराव त्या दिवशी मुसफ्फाहून फ्रेम घेऊन आले होते. कापड ताणून लावत होते. खांदे पार उतरलेत त्यांचे. मी ब्रश भिजवत असताना ते म्हणाले की फ्रेमला यंदा पाय केलेले नाहीत, तिनं जूनमध्येच सांगितलं होतं, पाय नको, टेबल नको, खालची कड जमिनीला टेकली पाहिजे. बाप्पाही मधे नको, एका बाजूला, कमी उंचीच्या चौरंगावर. मी विचारलं, का? त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणाले, "मी कशाला विचारतोय? ती सांगायची, मी वेल्ड करायचो." आणि तिथं बसून ते रडले. मीही रडले. मग त्यांनी पाना उचलला आणि मी ब्रश.

ब्रश वाळूवर टेकवला नाही गं मी. तू सांगितलं होतंस, माणसं मी काढणारच नाहीये. विसरले, राहून गेलं, असं नव्हतं म्हणालीस. ज्या बाईला सोमवारी कारण सांगायचं होतं, तिच्या चित्रात तिला न विचारता मिशा काढणं मला जमलं नाही. माझ्यावर तुझा एवढा तरी परिणाम झालाय. ब्रश धुऊन ठेवला आणि काकूंना फोन करून सांगितलं की ओसाडच राहील, तुम्ही समया जास्त लावा.

चतुर्थीला पडदा लागला. कड जमिनीला टेकलेली, काकूंच्या हॉलच्या पिवळसर फरशीला लागून तुझी पिवळसर वाळू. बाप्पा डाव्या बाजूला चौरंगावर, जास्वंद, दूर्वा, मोदक. लोक आले, जरा दबकून बघत होते. माधवराव आणि इरा दाराजवळच थांबले होते. या वर्षी आमचा सण नाही, नुसता नमस्कार करून जातो, असं ते कुणाकुणाला सांगत होते. काकूंनी ते ऐकलं, हात पुसत आल्या आणि माधवरावांचा दंड धरून त्यांना सगळ्यांच्या पुढं नेऊन उभं केलं. इरालाही.

मी कापूर आणायला स्वयंपाकघरात गेले होते. आरती सुरू झाल्याचं ऐकून परत आले आणि दारातच थांबले.

वासंती, सगळे तुझ्या वाळूवर उभे होते. खांब त्यांच्या डोक्यावरून वर, वर गेले होते. आपला तो एवढासा हॉल, ती एवढीशी माणसं, आणि त्यांच्यापुढं बालबेक केवढं तरी मोठं. फरशी कुठं संपते आणि कापड कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. एकजण भिंतीला टेकलेला, दोन म्हाताऱ्या खाली बसलेल्या. सगळ्यांची माझ्याकडे पाठ. एकाचाही चेहरा दिसत नव्हता आणि मी प्रत्येकाला ओळखलं. काकूंचा सैल अंबाडा. माधवरावांचे उतरलेले खांदे. इरा टाळ्या वाजवताना मान डावीकडे कलती करते, ती तुझी मान आहे. कापूर माझ्या हातातच राहिला.

तर हे सांगणार होतीस सोमवारी.

बरं, अर्धं तू जिंकलीस. अर्धं मी देणार नाही. मी त्यांना पाठीवरून ओळखलं कारण माझं त्यांच्याशी रोजचं आहे. छत्रीवाल्याला विचार, त्या उंटवाल्याचं नाव तरी माहीत होतं का त्याला. पण त्याच्या चित्रातल्या त्या पाठमोऱ्या बाईपाशी मी आता थोडी अडते. तिच्या घरचं कुणी त्या म्युझियममध्ये आलं असतं, तर कदाचित लांबूनच म्हणालं असतं, ही आमची. एवढं मी मान्य करते. बाकीचं, तू नाहीस तरी, मी गाडीत पर्सला सांगणार आहे.

बाप्पा काकूंच्या अंगणातल्या टबात विरघळले. पडदा मी घरी आणलाय, माळ्यावर नाही, हॉलमध्ये. इराला कॉलेजसाठी पुण्याला पाठवायचं चाललंय, ती म्हणते, "आय्'ल टेक इट विथ मी." मी इन्शाल्ला म्हटलंय, म्हणजे अजून ठरवलं नाही.

त्या दिवशी दारात फार वेळ उभं राहता आलं नाही. आतून काकूंनी कापूर कुठाय म्हणून विचारलं. ओळीत माधवराव आणि इराच्या मधे थोडी जागा होती. मी आत गेले, एक पाय किंचित बाहेर टाकला आणि तुझ्या वाळूवर पाठमोरी उभी राहिले.